दार उघडू नका

१

माझी एक सवय आहे. सकाळी फैजपूरच्या दुकानाचं शटर वर करायच्या आधी, बाहेरच्या बाकड्यावर चहा घेत मी मोबाइलवर लोकांच्या खोल्या बघतो. चोरून नाही, बरं का. एसी-फ्रिज दुरुस्तीत वीस वर्षं घातली आणि गेल्या वर्षी मी स्वतः एक छोटा कंट्रोल बोर्ड बनवला. मशीन सारखं चालू-बंद होऊ नये म्हणून. अकरा घरांत बसवला. प्रत्येक खोलीचे दोन आकडे माझ्या मोबाइलवर येतात, एक भिंतीपाशी किती गरम आहे आणि एक पलंगापाशी किती.

जूनच्या नऊ तारखेला असंच बघत होतो. सावद्याची खोली, यावलची खोली, मग रावेरच्या उखर्डू आबांची खोली. तिथे बोट थांबलं. भिंत ३३. पलंग ३६.६.

मशीन बंद होतं, मीच मोबाइलवरून बंद केलेलं. खोलीत कोणी राहत नव्हतं. उखर्डू आबांना जाऊन एकवीस दिवस झाले होते.

सेन्सर गेला, असं मी स्वतःला सांगितलं. चहा संपवला, पेला विसळून टपरीवर दिला आणि दुकान उघडलं.

२

त्या घरात मी कसा शिरलो ते आधी सांगतो. नाहीतर तुम्हाला वाटेल की हा माणूस उगाच घाबरतो.

उखर्डू आबांच्या केळीच्या बागा मोठ्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी हलायची. खाली दिवसभर ट्रकवाले, मजूर, केळीच्या खोक्यांचा पसारा, म्हणून मुलानं, हितेंद्रनं, वरच्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोली काढली आणि थंडीत गरम, उन्हाळ्यात गार करणारं मशीन आणलं. हीट पंप म्हणतात त्याला. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत सोडतं, उन्हाळ्यात उलटं.

मशीन चांगलं, पण डोकं कमी. त्याचा सेन्सर वर, मशीनमध्येच. गरम हवा छताशी जमा व्हायची, मशीनला वाटायचं काम झालं, की बंद. खाली आबा कुडकुडत. मग पुन्हा चालू. तासाला नऊ-नऊ वेळा. दर वेळी 'खट्ट' व्हायचं आणि घरातले दिवे मंद व्हायचे. आबांच्या बायको प्रमिलाबाई, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, मला म्हणाल्या, "भाऊ, रातभर खट्ट-खट्ट. त्याह्यचा डोळा लागत नाही. काही तरी कर."

जानेवारीत मी बोर्ड बसवला. सेन्सरची वायर आबांच्या उशीखाली नेली, म्हणजे मशीन छताचं नाही, माणसाचं ऐकेल. एक अंश इकडे-तिकडे चालवून घ्यायला शिकवलं. आणि एक नियम घातला. मशीन एकदा थांबलं की पंचवीस मिनिटं चालू व्हायचंच नाही.

एरवी तीन मिनिटं पुरतात. पंचवीस का? खरं सांगू? ग्राफ सुंदर दिसत होता. नवाचे दोन झाले होते. मेकॅनिक लोकांच्या ग्रुपवर मी तो फोटो टाकला, पन्नास अंगठे आले, आणि मी आठवडाभर छाती फुगवून फिरलो. थंडीत पंचवीस मिनिटं मशीन बंद राहिलं तर काय बिघडतं? गोधडी असतेच.

दाराचंही सांगून ठेवलं. सारखं दार उघडलं की खोली बिघडते, मशीन धावपळ करतं, माझा ग्राफ वाकडा होतो. म्हणून एका कागदावर ठळक लिहून दारावर चिकटवलं, 'दार उघडू नका. ऊब जाते.' मार्चमध्ये मशीन गारव्यावर टाकायला गेलो तेव्हा नवा कागद लावला, 'दार उघडू नका. गारवा जातो.'

कागद बदलला. पंचवीस मिनिटं बदलली नाहीत.

हितेंद्रची बायको मयुरी तिथेच उभी होती. तिनं विचारलं होतं, "पण पितांबरभाऊ, मधून मधून बघायला नको का आबांना?" मी हसलो. म्हणालो, "वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा. दार उघडू नका, गारवा जातो. माझ्या मोबाइलवर सगळं दिसतं. मी आहे ना."

मी आहे ना. माझेच शब्द.

३

एकोणीस मे. रावेरात सेहेचाळीस अंश. अक्का नात्यातल्या लग्नाला सावद्याला गेलेल्या, हितेंद्र पॅकिंगवर, घरात मयुरी एकटी. दुपारी एक वाजून चार मिनिटांनी लाइट गेली. दहा मिनिटांनी आली. पुन्हा गेली. आली. आपल्याकडे मे महिन्यात लाइट कशी लपंडाव खेळते ते काय सांगायचं.

दर वेळी लाइट आली की माझा बोर्ड जागा व्हायचा आणि पंचवीस मिनिटं पहिल्यापासून मोजायला लागायचा. मोजून व्हायच्या आत लाइट परत जायची. मशीन चालू झालंच नाही. वर तापलेला स्लॅब, खिडक्यांना फोमच्या पट्ट्या, त्यासुद्धा मीच लावलेल्या. दाराबाहेर माझ्या अक्षरातला कागद.

मी तेव्हा जेवून कूलरसमोर आडवा झालो होतो. मोबाइल उशाशी होता.

सव्वाचारला अक्का परत आल्या, वर गेल्या आणि दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, त्यात ऊन, हृदय थांबलं. डॉक्टर येईपर्यंत लाइट टिकली होती, मशीन चालू झालं होतं, माणसं जमली तेव्हा खोली गार होती. मशीनवर कोणाचाही संशय गेला नाही.

पाच वाजता हितेंद्रचा फोन आला. मी फोन ठेवला आणि त्या खोलीचा दिवसभराचा ग्राफ उघडला. एक-चारला २८. मग चढत चढत चार-पंधराला ४०.९. एखाद्या शाळकरी पोरालाही कळलं असतं काय झालं ते.

मी तो दिवस पुसून टाकला. कोणी मागितला नव्हता, कोणी विचारलंही नव्हतं, तरी पुसला. मग अंघोळ करून रावेरला गेलो आणि आबांना खांदा दिला. आजही हे सांगताना माझी मान वर होत नाही.

तिसऱ्या दिवशी बसायला गेलो तेव्हा घरात वेगळीच कुजबुज. सून घरात होती आणि तीन तास कोणी वर डोकावलं नाही. मयुरी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मी दोनदा गेले वर. दाराबाहेरून विचारलं, उघडू का? आतून म्हणाले, नको."

हितेंद्रची आत्या म्हणाली, "दोन वर्षं वाचा नव्हती माणसाला. तुलेच बरं बोलले ते."

 मी बशीतला चहा पीत बसलो. तिला सोडवायला माझं एक वाक्य पुरेसं होतं. मी दुसरी बशी घेतली.

४

तर जूनच्या नऊ तारखेनंतर मी ती खोली रोज बघायला लागलो. एकदा नाही, पंचवीस वेळा.

भिंतीचा आकडा नीट वागत होता. पहाटे उतरायचा, दुपारी चढायचा. पलंगाचा आकडा मात्र हलत नव्हता. पहाटे ३६.६. रात्री ३६.६, निरोगी माणसाच्या अंगाएवढा. गादीत ऊब धरून राहते, असं मला वाटलं. पण ऊब धरली तरी पहाटे निवायला नको? मग वाटलं, गादीत उंदरीण व्याली असेल. पिल्लांची ऊब असतेच. मग आठवलं, दहा दिवस तिथे दिवा तेवत ठेवला होता, त्यानं सेन्सर बिघडला असेल. मला एकामागून एक कारणं सुचत होती. माझा धंदाच कारणं शोधायचा.

एका दुपारी दुकानात बसल्या बसल्या बघितलं, तर आकडा हलला. एक-चारला ३७. दीडला ३८. मी समोरच्या गिऱ्हाइकाशी बोलायचं विसरलो. तीनला ४०. चार-पंधराला ४०.९. आणि मग एकदम, कोणी दार उघडावं तसा, खाली. पुन्हा ३६.६.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. अशीच चढती रेघ मी माझ्या हातानं पुसली होती.

शुक्रवारी हितेंद्रचा फोन आला. "पितांबरभाऊ, ते मशीन काढून घेऊन जा. वरची खोली मोकळी करायची आहे."

"येतो. बाकी सगळं ठीक?"

"कसलं ठीक. मयुरीला रविवारी वरणगावला माहेरी सोडतोय. आईच्या तोंडाकडे बघवत नाही मला. आणि हिच्याकडेही नाही."

"कायमचं?"

"बघू," तो म्हणाला. 'बघू' म्हणजे काय ते मला समजलं.  रविवारच्या आत मी बोललो नाही, तर एका बाईचा संसार माझ्या पंचवीस मिनिटांखाली जाणार होता.

५

शनिवारी गेलो. सकाळीच निघणार होतो, पण निघता निघता बारा वाजले. मुद्दाम रेंगाळलो का, ते मला विचारू नका.

अक्का खालच्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. हितेंद्र हिशेबाच्या वह्या घेऊन बसला होता. मयुरी स्वयंपाकघरात, पाठमोरी. बॅग भरून जिन्याखाली ठेवलेली दिसली.  मी म्हणालो, "वर जाऊन येतो," आणि जिना चढलो.

कागद अजून दारावर होता. चिकटपट्टी पिवळी पडली होती. मी आत गेलो आणि हातानं सवयीनं दार लावून घेतलं.

खोलीत औषधांचा, फिनेलचा वास. खिडक्या बंद. पलंगावर धुतलेली चादर ताणून घातलेली, उशी सरळ. खोली गरम होती, पण असह्य नव्हती. मी आधी गादी वर करून पाहिली. उंदीर नाही, पिल्लं नाहीत, काही नाही. हात उशीवर ठेवला. उशी डावीकडे गार होती. मधोमध कोमट होती.

भिंतीवरचा बोर्ड उघडायला गेलो तेवढ्यात लाइट गेली. घड्याळ बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. एक-चार.

लाइट आली. बोर्डाच्या छोट्या पडद्यावर आकडे उगवले. पंचवीस मिनिटं शून्य सेकंद. चोवीस एकोणसाठ. चोवीस अठ्ठावन्न. मोजणी चालू झाली.

काम उरकून निघ बाबा, असं मी मनाशी म्हणालो. पलंगाशी गुडघे टेकले आणि उशीखालची वायर ओढली. आली नाही. अडकली असेल. पुन्हा ओढली. वायर ताठ झाली, आणि मग माझ्या बोटांतून हळूच, दोन बोटांइतकी, आत गेली.

मी ओढली नव्हती. मी सोडूनही दिली नव्हती.

लाइट पुन्हा गेली, आली. पंचवीस शून्य. कपाळावरचा घाम भुवयांत उतरला. गुडघ्यांवरून उठायला हवं होतं, दार तीन पावलांवर होतं, आणि मी उठलो नाही. किती वेळ तसा होतो ते मला सांगता येत नाही. पडद्यावर सतरा झाले, मग परत पंचवीस. नंतर एकोणीस, परत पंचवीस. मान वर केली की चादर दिसायची. चादरीवर मधोमध एक खोलगट जागा होती. मघाशी नव्हती. तिच्या डाव्या कडेला चादरीचा चिमटा उचलला जात होता आणि सुटत होता. बोटं तेवढी हलायची त्यांची.

जिन्यावर पावलं वाजली. दाराबाहेर मयुरीचा आवाज आला. "पाणी आणलंय. दार उघडू का?"

हो म्हणायला मी तोंड उघडत होतो. शपथेवर सांगतो, ओठ अजून मिटलेले होते.

"नको," उशीकडून आवाज आला. "दार उघडू नका. गारवा जातो."

आवाज आबांचा नव्हता. त्यांचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. तो माझा होता. मार्च महिन्यात याच खोलीत मी ज्या हसऱ्या, शहाण्या सुरात बोललो होतो, तोच सूर.

६

मी कसाबसा दारापाशी पोचलो आणि दार उघडलं. मयुरी हातात तांब्या घेऊन उभी होती. माझ्याकडे बघून तिनं तांब्या खाली ठेवला.

"बरं नाही वाटत का तुम्हाला?"

"आत्ता कोण बोललं?" मी विचारलं.

"तुम्हीच ना." तिनं माझ्या मागे खोलीत पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशीही तुम्हीच बोललात."

"मी त्या दिवशी फैजपूरला होतो, वहिनी."

"हो, नंतर कळलं मला. पण आवाज मी ओळखला होता. वाटलं, तुम्ही मागच्या जिन्यानं येऊन मशीन बघताय. मेकॅनिक आत आहे म्हणजे आबांजवळ माणूस आहे, म्हणून मी खाली गेले. दुसऱ्या वेळीही तोच आवाज. नाहीतर मी उघडलंच असतं."

"मग घरात माझं नाव का नाही घेतलं?"

तिनं पदर सारखा केला. "काय सांगू? तुम्ही इथे नव्हता हे दहा जणांना माहीत होतं. आणि आवाज तुमचा होता म्हटलं असतं, तर तुमच्या धंद्यावर बालंट आलं असतं. आबांसाठी इतकं केलं तुम्ही. माझं मी बघेन."

जमिनीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात. ते म्हणतात तसंच वाटतं, मी अनुभवलं. मी एक वाक्य वाचवायला तिला एकटीला बसू दिलं होतं, आणि तिनं माझं नाव झाकून ठेवलं होतं.

"खाली चला," मी म्हणालो. "मला सगळ्यांसमोर बोलायचं आहे." आणि दार ओढून घेतलं.

७

खाली जाऊन मी बोललो. हितेंद्रनं वही मिटली. मी सांगितलं की चूक मशीनची होती, म्हणजे माझ्या बोर्डाची. लाइट गेली-आली की तो पहिल्यापासून मोजायचा. त्या दुपारी मशीन चाललं नाही. वहिनींचा काही दोष नाही, दार उघडू नका असं मीच सांगितलं होतं. हे सगळं मी बोललो, तुम्ही म्हणाल शाबास. पण बोलताना प्रत्येक वाक्य थोडं थोडं लहान होत होतं, माझं मलाच कळत होतं. ग्राफ पुसल्याचं मी सांगितलं नाही. पंचवीस मिनिटंही सांगितली नाहीत. 'थोडा वेळ' म्हणालो.

हितेंद्र माझ्याकडे बघत राहिला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

अक्कांनी तांदळाचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं.

"भाऊ, मले एवढंच सांग. किती वेळ होते ते तसे? गरमीत?"

मला आकडा तोंडपाठ होता. महिनाभर दुसरं काही पाठ केलंच नव्हतं मी. पण त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि वाटलं, कशाला सांगायचं, म्हातारीला कशाला त्रास. असं वाटलं म्हणतो, पण खरं कारण ते नव्हतं. मी भ्यालो.

"पंधरा-वीस मिनिटं असतील, अक्का," मी म्हणालो. "त्यांना कळलंही नसेल."

अक्कांनी डोळे मिटले. मयुरी माझ्याकडे बघत होती. घरातला पंखा थांबला, लाइट गेली होती, आणि त्या शांततेत वरच्या मजल्यावरून, लावलेल्या दाराआडून आवाज आला. मोठा नाही. समजावून सांगणारा, गिऱ्हाइकाला पटवणारा, माझा आवाज.

"तीन तास अकरा मिनिटं."

सगळ्यांनी आधी वर बघितलं. मग माझ्याकडे. माझं तोंड बंद होतं, ते सगळ्यांना दिसत होतं.

हितेंद्र उठला. मला वाटलं, वर जाईल, नाहीतर माझ्याकडे येईल. तो जिन्याखाली गेला, मयुरीची बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. मयुरी तिथेच उभी होती. अक्का म्हणाल्या, "मयुरी, वरचं दार उघड. खिडक्याही उघड."

ती जिना चढून गेली. कागद फाडल्याचा आवाज मी खालून ऐकला.